सल्ला घेणाऱ्यानं उत्तरही द्यावं

(पानशेत येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय शहराच्या कारभारातल्या नागरिक समित्यांचा आहे, आणि व्याख्यान ठेवलंय पानशेतला. इथे महापालिका नाही, नगरसेवक नाही, प्रभाग समिती नाही. तेव्हा काहींना वाटलं असेल, मास्तर पत्ता चुकले. पण माझ्या मते हा विषय मांडायला हीच योग्य जागा आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठतं. त्यातलं साडेदहा टीएमसींहून जास्त एकट्या पानशेतचं. पुणे शहर या पाण्यावर उभं आहे. आणि त्या शहराने ‘नागरिकांचा सहभाग’ म्हणून ज्या ज्या समित्या काढल्या, त्यांत या खोऱ्यातल्या माणसाला बसायला जागा नाही. का नाही? तर तुम्ही शहराचे नागरिक नाही.

आता हा ‘नागरिक’ शब्द बघा. नगरात राहतो तो नागरिक. आपण तोच शब्द देशाच्या नागरिकालाही लावला, पण जुना अर्थ काही सुटला नाही. वर्तमानपत्र उघडा. शहरात मोर्चा निघाला की ‘नागरिक संतप्त’ आणि गावात निघाला की ‘ग्रामस्थ संतप्त’. संताप सारखाच, पण एकाच्या नावात हक्क ऐकू येतो आणि दुसऱ्याच्या नावात फक्त पत्ता.

मी आज या समित्यांवर टीका करणार आहे. पण ती ‘समित्या काही कामाच्या नाहीत’ अशी नाही. तसं म्हणणं सोपं असतं आणि त्याने कोणाचंच काही बिघडत नाही. माझा मुद्दा असा आहे की समित्यांबद्दल आपण कायम एकच प्रश्न विचारतो: तिथे कोण बसलंय? आमचा माणूस आहे का, बाई आहे का, तज्ज्ञ आहे का? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न आपण विचारतच नाही. समितीत बसलेला माणूस बोलल्यानंतर, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यावर उत्तर देण्याचं बंधन आहे का? ते नसेल तर खुर्ची कोणाला मिळाली याने फारसा फरक पडत नाही.

आधी कायदा काय देतो ते पाहू. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तिच्यात तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं सांगितलं आहे. महाराष्ट्राने त्या केल्या. त्यात त्या भागातले नगरसेवक, एक अधिकारी आणि जास्तीत जास्त तीन नागरिक. हे तीन नागरिक सामाजिक संस्थांमधले असावेत आणि त्यांना नेमायचं कोणी? नगरसेवकांनीच. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं धरली तर झाले ४५ नागरिक. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. हा हिशेब मी मांडतो तेव्हा लोक हसतात, पण आकड्यापेक्षा नेमणुकीची पद्धत जास्त बोलकी आहे. ज्याच्या कामावर लक्ष ठेवायचं, त्यानेच लक्ष ठेवणारा निवडायचा.

दुसरा प्रकार स्वीकृत सदस्यांचा. महापालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेली माणसं सभागृहात यावीत, म्हणून ही जागा. कल्पना चांगली आहे. निवडणूक लढवणं ज्यांना जमणार नाही असे डॉक्टर, अभियंते, शिक्षक तिथे यावेत. पण घटनेनेच त्यांना मताचा अधिकार दिलेला नाही आणि या जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात. मग तिकीट न मिळालेल्याची किंवा थोडक्यात पडलेल्याची समजूत काढायला त्या उपयोगी पडतात. विशेष ज्ञानाचा रकाना मग प्रमाणपत्राने भरला जातो.

तिसरा प्रकार क्षेत्र सभेचा. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र आणि त्यातले सगळे मतदार त्या सभेचे सदस्य. म्हणजे शहरातली ग्रामसभाच म्हणा. महाराष्ट्राच्या कायद्यात ती २००९ मध्ये आली. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचे पैसे हवे होते आणि असा कायदा करणं ही त्यातली एक अट होती. पैसे आले, रस्ते-पूल झाले. क्षेत्र सभा कायद्याच्या पुस्तकात राहिली. पुण्यातल्या किती जणांना आपण क्षेत्र सभेचे सदस्य असू शकतो हे ठाऊक आहे, विचारून बघा.

यात काय हरवतं ते कळायला लांब जायला नको. इथून पुण्याला निघालात की खडकवासला लागतं, मग किरकटवाडी, नांदेड. २०२१ च्या जूनअखेर २३ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यांत ही होती. आदल्या दिवसापर्यंत त्या गावांत ग्रामसभा होती. ग्रामसभा कशीही चालत असेल, पण तिच्यात एक गोष्ट आहे: तिथे कोणी नेमलेलं नसतं. मतदार यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही सदस्य. वर्षातून किमान चार वेळा ती घ्यावीच लागते आणि सरपंचाला समोर उभं राहून हिशेब सांगावा लागतो. गावं शहरात गेली आणि ही सभा कायद्याने संपली. बदल्यात काय मिळालं? क्षेत्र सभा मिळाली नाही. आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर दीर्घकाळ प्रशासकच होते, म्हणजे नगरसेवकही नाही. काल जो माणूस सभेत उठून ‘ही मोरी का तुंबली’ असं विचारू शकत होता, तो आज क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतो. आपण याला ‘विकास’ म्हणतो. त्या माणसाचा एक हक्क मात्र कमी झाला आणि त्याची कुठे बातमीही आली नाही.

आता ‘पण पुण्यात नागरिकांचं अंदाजपत्रक आहे ना’ असं कोणी म्हणेल. आहे. २००६ पासून महापालिका नागरिकांकडून कामं सुचवून घेते. अर्ज भरायचा, पदपथ, बाकडी, दिवे, बसथांबा असं काहीतरी सुचवायचं. देशातल्या फार थोड्या शहरांनी हे केलं, त्याचं श्रेय पुण्याला दिलंच पाहिजे. पण ही कल्पना जिथून जगभर गेली, ते ब्राझीलमधलं पोर्तु अलेग्री शहर बघा. तिथे १९८९ मध्ये ती सुरू झाली. लोक वस्तीच्या सभेत जमत, आपले प्रतिनिधी निवडत, कोणत्या भागात काय कमी आहे त्याप्रमाणे पैशाचा प्राधान्यक्रम ठरत असे. आणि पुढच्या वर्षीच्या सभेत महापालिका आधी मागच्या वर्षीचा हिशेब देत असे: हे ठरलं होतं, हे झालं, हे झालं नाही. पुढे तिथेही हा प्रकार क्षीण झाला, ते वेगळं. पण आपण त्यातला अर्ज उचलला आणि हिशेब तिथेच ठेवला. माझं सुचवलेलं काम घेतलं नाही तर का घेतलं नाही, हे कारणासह कळवण्याची सवय आपल्याकडे रुजली नाही.

शेरी अर्न्स्टाइन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तळाला फसवणूक, वर लोकांच्या हाती सत्ता. मधे एक पायरी आहे, तिला मराठीत ‘समजूत काढणे’ म्हणता येईल. त्या पायरीवर काय करतात? निवडक माणसं मंडळावर बसवतात. त्यांनी सल्ला द्यायचा, पण तो मानायचा की नाही हे बसवणाऱ्याने ठरवायचं. आपल्या बहुतेक समित्या याच पायरीवर चहा पीत बसल्यात. मी स्वतः अशा एका समितीवर काही काळ होतो. कोणती ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण बाकीच्याही तशाच. आमच्या शिफारशी इतिवृत्तात शिरायच्या आधीच निविदा निघालेली असे.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे. नगरसेवक विचारतो, ‘मी दहा-वीस हजार मतं घेऊन आलोय. तुम्ही कोणाची मतं घेऊन आलात?’ हा प्रश्न उर्मट वाटला तरी खोटा नाही. शहरातल्या नागरिक संघटना बहुतेक वेळा सोसायट्यांमधल्या, सकाळी वेळ असलेल्या, अर्ज लिहिता येणाऱ्या लोकांच्या असतात. मीही त्यातलाच. त्यांच्या यादीत फेरीवाला ही ‘समस्या’ असते आणि झोपडपट्टी म्हणजे ‘अतिक्रमण’. ज्यांच्याबद्दल निर्णय होतो, ती माणसं या समित्यांत नसतात.

म्हणून मला २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा महत्त्वाचा वाटतो. त्यात प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती सांगितली आहे. अध्यक्ष आयुक्तच, पण किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले फेरीवाले, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. अंमलबजावणी रखडली, निवडणुका लांबल्या, हे सगळं खरं. पण तत्त्व बघा. इथे खुर्ची ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणून मिळत नाही. निर्णयाचा फटका ज्याला बसणार, त्याला त्याच कारणाने ती मिळते. बाधित असणं हीच पात्रता. भाजीची हातगाडी लावणाऱ्या बाईसाठी हे मान्य होतं, तर धरणाच्या काठच्या माणसासाठी का नाही?

पण नुसती योग्य माणसं बसवून भागत नाही, हे आपल्याला मुंबईने दाखवलं. झाडं तोडण्याच्या परवानगीसाठी १९७५ च्या कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरणं आहेत. मुंबईच्या प्राधिकरणावर तज्ज्ञ नाहीत म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले, आणि तज्ज्ञ आले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच प्राधिकरणाने आरे कॉलनीतल्या मेट्रो कारशेडसाठी २६०० हून जास्त झाडं तोडायला किंवा हलवायला मंजुरी दिली. त्यानंतर तज्ज्ञांपैकी काहींनी राजीनामे दिले. त्यांची तक्रार होती की मतदान घाईत आणि गोंधळात उरकलं गेलं. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. आता इथे कारशेड योग्य की अयोग्य या वादात मी जात नाही. मला एवढंच दाखवायचंय की ‘तज्ज्ञ बसवा’ ही मागणी मान्य झाली होती. तज्ज्ञ बसले होते. पण शंका ऐकून तिला उत्तर दिल्याशिवाय मत घ्यायचं नाही, असं बंधन नव्हतं.

याच्या उलट एक उदाहरण पुण्यातलंच आहे, आणि ते जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचं. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. लक्षात घ्या, निवडून आलेले नाही, सरकारने नेमलेले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचं ठरलं. फुल्यांचं म्हणणं होतं की ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. ठराव मताला आला तेव्हा विरोधात फक्त त्यांचं मत पडलं. ठराव अर्थातच मंजूर झाला. मग फुले हरले का? त्या दिवशी हरले. पण तो ‘नाही’ मोजला गेला, म्हणून आज आपण त्याबद्दल बोलू शकतो. नेमलेल्या सदस्याला तेव्हा मत होतं. आज स्वीकृत सदस्याला ते नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर सगळ्याच गोष्टी पुढे गेल्या असं नाही.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे थोडं आमच्या दुकानातलं सांगतो. न्यायसूत्रांमध्ये चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून होते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी होते तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं, ती वितंडा. आपल्या समित्यांत अधिकारी बहुधा जल्प करतात आणि आम्ही नागरिक बहुधा वितंडा. वाद कोणीच करत नाही. वादाची पहिली अट म्हणजे पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या ताकदीनिशी मांडायचं आणि मग ते का मान्य नाही ते सांगायचं. पूर्वपक्ष न मांडता दिलेला निर्णय आपल्या परंपरेत सिद्धान्त ठरत नाही, ती नुसती आज्ञा. माझी मागणी साधी आहे: समितीच्या प्रत्येक शिफारशीला आणि प्रत्येक विरोधाला प्रशासनाने लेखी उत्तरपक्ष द्यावा. मान्य करा किंवा नाकारा. पण कारण सांगा आणि ते इतिवृत्तात येऊ द्या.

आता परत पानशेतकडे. १२ जुलै १९६१. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना मी तो दिवस काय सांगणार? धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी साठवलं गेलं. सकाळी पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासला फुटलं, आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. त्यानंतर चौकशी आयोग बसला. आधी न्यायमूर्ती बावडेकर, त्यांच्यानंतर न्यायमूर्ती नाईक. आयोगाचं काम मोलाचं असतं, पण आयोग पाणी ओसरल्यावर बसतो. समिती पाणी चढायच्या आधी बसते, किंवा बसायला हवी. अपुऱ्या धरणात पाणी साठवायचं का, या प्रश्नावर ज्यांची घरं खाली होती त्यांना कारणं विचारण्याचा हक्क असता, तर उत्तर देणाऱ्याला निदान एकदा थांबून उत्तर तयार करावं लागलं असतं. दुर्घटना टळलीच असती असं मी म्हणत नाही. मी फक्त म्हणतो, विचारणारं कोणी असलं की माणूस स्वतःलाही विचारतो.

आणि आज? धरणांतलं पाणी शहराला किती, दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, आवर्तन कधी सोडायचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. नावात ‘सल्लागार’ आहे, पण प्रत्यक्षात निर्णय तिथेच होतो. पालकमंत्री अध्यक्ष, खासदार-आमदार, जलसंपदा खात्याचे आणि महापालिकेचे अधिकारी. शहर आपली बाजू मांडतं, खालचे तालुके आपली बाजू मांडतात, आणि मांडलीच पाहिजे. वरच्या अंगाचं, म्हणजे वेल्ह्याचं, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचं, त्याचं स्वतंत्र म्हणणं कुठे येतं? आपली म्हण आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या वाड्या-वस्त्यांवर हंडे घेऊन फिरणाऱ्या बायकांना ही म्हण समजावून सांगायला नको.

तर मग करायचं काय? नवा कायदा मागायचा? मागावा, पण आधी हातात आहे ते वापरू. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम आपण फार कमी वाचतो. आपण अर्ज करून माहिती मागतो, तो पुढचा भाग. चौथं कलम सांगतं की काही गोष्टी कोणी न मागताच जाहीर करायच्या. त्यात प्रत्येक कार्यालयाने आपल्या समित्यांची यादी द्यायची, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहता येतं का, हेही सांगायचं. आणि त्याच कलमात आणखी एक ओळ आहे: प्रशासकीय निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यायची. ‘नागरिक समितीच्या सदस्यांना’ किंवा ‘शहराच्या रहिवाशांना’ असं तिथे म्हटलेलं नाही. बाधित व्यक्तींना म्हटलंय. पुणे महापालिकेच्या हद्दीत तुमचं नाव नसेल, पण तिच्या पाण्याच्या निर्णयाने तुम्ही बाधित आहात. कारण मागायला तेवढं पुरेसं आहे.

कांट हा जर्मन तत्त्वज्ञ १७९५ मधल्या एका छोट्या पुस्तकात म्हणतो, त्याचा आशय असा की दुसऱ्याच्या हक्कांशी संबंधित असलेलं जे धोरण उघड सांगितलं तर कोलमडेल, ते धोरण अन्यायाचं असतं. याची परीक्षा घ्यायला विद्यापीठ लागत नाही. कारण लेखी मागायचं, बस. ज्याला ते लिहिता येत नाही, त्याचं काय समजायचं ते आपल्याला कळतं.

प्रश्न: सर, तुम्ही ग्रामसभेचं कौतुक केलंत, पण आमच्याकडे सभेला पंधरा-वीस डोकी असतात. वही नंतर घरोघर फिरते सह्यांसाठी. मग हक्क असून काय उपयोग?

उत्तर: तुम्ही सांगता ते अनेक गावांत होतं. मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण तुम्हीच सांगा, वही घरोघर का फिरवावी लागते? कारण सह्या लागतात. सभा झाल्याचं दाखवावं लागतं. शहरात तर दाखवावंही लागत नाही. खोटी सही ही हक्काची चेष्टा आहेच, पण ती करावी लागते याचा अर्थ हक्क अजून जिवंत आहे. पुढच्या वेळी वही घरी आली की सही करू नका. सभेला या आणि एकच प्रश्न विचारा: मागच्या सभेत काय ठरलं होतं आणि त्याचं काय झालं? एवढा एक प्रश्न प्रत्येक सभेत झाला तरी लोक यायला लागतील, कारण उत्तर ऐकायला माणसं येतात. भाषण ऐकायला येत नाहीत. आज तुम्ही आलात, हा अपवाद समजतो. (हशा)

प्रश्न: प्रत्येक सूचनेला लेखी कारण द्यायचं म्हटलं तर अधिकारी उत्तरंच लिहीत बसतील. कामं कधी होणार?

उत्तर: ही अडचण खरी आहे. म्हणून मी प्रत्येक अर्जाबद्दल बोलत नाही, समितीत ठरावाच्या रूपाने आलेल्या शिफारशीबद्दल आणि नोंदवलेल्या विरोधाबद्दल बोलतोय. ते वर्षाला काही हजार नसतात. आणि कारणं पानभर लागत नाहीत. ‘निधी नाही’, ‘जागा वन खात्याची आहे’, ‘पुढच्या वर्षी घेऊ’ हीदेखील कारणं आहेत, दोन ओळींत मावतात. खरं तर अधिकाऱ्याचा वेळ लिहिण्यात जात नाही. कारण नसताना ते शोधण्यात जातो. आणि तो वेळ त्याला लागला, तर लागू द्यावा असं माझं मत आहे. वेल्ह्याच्या वस्तीवर टँकर का आला नाही, याचं दोन ओळींचं उत्तर लिहिताना जर कोणाला अर्धा दिवस लागला, तर त्या अर्ध्या दिवसात एक टँकर नक्की निघू शकतो.